तीन स्टारची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर साहेबांची गोल फिरणारी खुर्ची येईल, नाहीतर जिच्यासाठी मोठी माणसं हमरीतुमरीवर येतात ती सभागृहातली खुर्ची. मी त्यातली नाही. मी अंघोळीची खुर्ची आहे. हसू नका. पाणी निथळून जावं म्हणून माझ्या बैठकीला भोकं आहेत, माझी पाठ बुटकी आहे आणि दोन्ही बाजूंना धरायला दोन हात आहेत. साहेबांच्या खुर्चीवर माणसं इस्त्रीचे कपडे घालून बसतात. माझ्यावर माणूस जसा आहे तसा येऊन बसतो. एवढा विश्वास किती खुर्च्यांच्या वाट्याला येतो, सांगा बरं. मला माझा अभिमान आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही.

माझा जन्म मामाच्या कारखान्यात झाला; हा मामा कुणाचा, ते पुढे कळेलच. कारखाना हा शब्द मामाचा. खरं म्हणजे ती एका गॅरेजच्या मागची लांबट खोली होती. तिथे पूर्वी कपडे वाळत घालायचे स्टँड आणि शिड्या बनत. एका भिंतीला ॲल्युमिनियमच्या नळ्या टेकवलेल्या, दुसऱ्या भिंतीला नळ्या वाकवायचं यंत्र, आणि मधे मामा, कानावर पेन्सिल अडकवून. माझ्या कडा त्यानं स्वतः कानशीनं घासल्या आणि मग डोळे मिटून सगळीकडून तळहात फिरवला. कुठे टोचलं की पुन्हा घासायचा. शेवटी माझ्यावर बसून, उड्या मारून पाहिलं. मी हूं की चूं केलं नाही.

मग मामीनं माझा फोटो काढला. दिवाणखान्यात गालिचा घातला, त्यावर मला ठेवलं, आणि माझ्या बैठकीवर फुलदाणी. तो फोटो इंटरनेटवरच्या दुकानाच्या पानावर झळकला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या फोटोत माझ्या आसपास पाण्याचा एक थेंबही नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

पहिल्याच खेपेतली मी मामाच्या मोठ्या बहिणीच्या घरी आले. मामा तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईची मुलगी त्याला मामा म्हणते, आणि तिचं ऐकून ऐकून त्या घरात सगळेच त्याला मामा म्हणू लागले. ताईच्या सासऱ्यांना नाना म्हणत. नाना म्हणजे उंचापुरा, भरदार माणूस. सगळं आयुष्य त्यांनी बस चालवली होती. आवाज असा, की रस्त्यावरच्या माणसाला बाजूला करायला हॉर्न वाजवण्याची गरज पडत नसे.

पण नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना अंघोळ घालायला त्यांचा मुलगा न्हाणीघरात जाऊ लागला. मुलगा प्रेमानं करायचा. तरी अंघोळ संपेपर्यंत नाना डोळे घट्ट मिटून घेत. साबण डोळ्यांत जाईल म्हणून नव्हे, तर मुलगा दिसू नये म्हणून. बाहेर आले की तासन्‌तास कुणाशी बोलत नसत.

मी आले त्या सकाळी नाना माझ्यावर बसले, दोन्ही हात चाचपले आणि मुलाला म्हणाले, "तू थांब बाहेर." मुलानं दार ओढून घेतलं. आतून कडी लागली. मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. आणि मग, मित्रांनो, नाना गुणगुणायला लागले. अगदी बेसूर. स्वयंपाकघरात ताईनं गॅस बारीक केला आणि ऐकत उभी राहिली. त्या दिवशी मला वाटलं, आपण जन्माला आलो ते सार्थकी लागलं.

इकडे मामाला मात्र दुसरीच चिंता होती. दुकानाच्या पानावर माझ्याखाली एकही अभिप्राय नव्हता, आणि अभिप्राय नसलेल्या वस्तूकडे गिऱ्हाईक ढुंकूनही बघत नाही. शिड्यांचं काम बंद करून त्यानं सगळा जोर माझ्यावर लावला होता. तेव्हा त्यानं घरच्या सगळ्यांना फोनवर निरोप पाठवला, की चांगलं काहीतरी लिहा आणि पाच स्टार द्या.

नातेवाईक धावून आले. आतेभावानं लिहिलं, "अप्रतिम, पैसे वसूल." त्यानं मला आजतागायत पाहिलेलं नाही. मेव्हण्यानं लिहिलं, "अजून खोकं उघडलं नाही, पण खुर्ची छान आहे." मामाच्या काकूंना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून त्यांनी मागे दुसऱ्या कशाला तरी लिहिलेलं कौतुक उचललं आणि जसंच्या तसं माझ्याखाली चिकटवलं. "कापड मऊ आहे, दोन धुण्यांनंतरही आटलं नाही, पाहुण्यांना खूप आवडलं." चादरीचं कौतुक होतं ते. पण पाच स्टार होते. मी कशाला तक्रार करू? मी आपली पाठ ताठ करून न्हाणीघरात मिरवत होते.

फक्त ताईनं काही लिहिलं नव्हतं. मामानं दोनदा आठवण केली, तर म्हणाली, अजून नीट वापरून झालेली नाही. मामाला ते लागलं. पण ताईचा स्वभावच तसा. ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. कुणी येऊन खोकल्याचं औषध मागितलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणासाठी? लहान मुलासाठी, म्हाताऱ्यासाठी, पोटात बाळ असलेल्या बाईसाठी? तेच औषध एकाला उतारा आणि दुसऱ्याला अपाय, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. घरी नवीन वस्तू आली तरी तिचं तेच. कात्री आणली तर आधी स्वतः वापरून बघणार, मग डावखुऱ्या नवऱ्याला देणार, मग मुलीला. मगच कात्रीबद्दल तिचं मत होणार. नवरा तिला चिडवायचा, की आमच्या लग्नाबद्दल हिचं मत अजून व्हायचंय.

आणि मग एका सकाळी ती गोष्ट घडली. नानांनी भरपूर साबण लावला होता. फरशी आरशासारखी गुळगुळीत, त्यावर फेसाचं पाणी. ऑपरेशनच्या गुडघ्यावर भार नको म्हणून नाना नेहमी माझ्या एकाच हातावर जोर देऊन उठत. त्या दिवशी ते उठले आणि माझे पाय घसरले. मी बाजूला सरकले. नानांनी नळ धरला म्हणून वाचले. नळ वाकडा झाला. नाना तसेच धरून उभे राहिले, धापा टाकत. बाहेरून मुलानं विचारलं, कसला आवाज झाला? नाना म्हणाले, पाण्याचा मग पडला.

खोटं का बोलले, ते मला कळलं. खरं सांगितलं असतं तर कडी गेली असती. पुन्हा मुलगा आत, पुन्हा डोळे मिटून बसणं. त्या दिवसापासून नाना माझ्यावर बसायचे, पण गुणगुणायचे नाहीत.

वाकडा नळ ताईच्या नजरेतून सुटणार थोडाच. तिनं जेवताना विचारलं, तर नाना म्हणाले, नळ जुना झालाय.  दुपारी नाना झोपल्यावर ताई न्हाणीघरात आली, फरशीवर साबणाचं पाणी ओतलं, कपड्यांसकट माझ्यावर बसली आणि एका हातावर जोर देऊन उठली. मी सरकले. ती पुन्हा बसली, पुन्हा उठली. मी पुन्हा सरकले. मग दोन्ही हातांवर सारखा जोर देऊन उठून पाहिलं, तेव्हा मी जागची हलले नाही. ओलीचिंब होऊन ती खाली बसली आणि माझ्या पायांची रबरी बुचं बोटांनी दाबून पाहिली. बुचं अरुंद होती आणि तळाला अगदी गुळगुळीत.

संध्याकाळी तिनं नानांना सरळच विचारलं.  नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिही तू काय लिहायचं ते. पण मला पुन्हा दार उघडं ठेवायला लावू नकोस."

"नाही लावणार," ताई म्हणाली. "आज मॅट आणते. तेवढं दोन्ही हातांवर जोर देऊन उठा."

त्या संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसली. न्हाणीघराचं दार तिथेच उघडतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. आधी तिनं रागाच्या भरात लिहिलं, की खुर्ची भंगार आहे, कुणी घेऊ नका, बनवणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. नवऱ्याला वाचून दाखवलं आणि वाचता वाचताच थांबली. म्हणाली, यातून माझा राग कळतो, खुर्ची कळत नाही. सगळं पुसून पुन्हा लिहायला बसली. नवरा म्हणाला, भाऊ आहे तुझा, जरा सांभाळून. त्यावर तिनं पहिलंच वाक्य भावाबद्दल लिहिलं. ते सगळं मला आजही पाठ आहे.

"विकणारा माझा सख्खा भाऊ आहे, हे आधी सांगते. खुर्ची माझे सासरे वापरतात. ते उंच आणि वजनदार आहेत, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. आमची फरशी गुळगुळीत आहे. बसायला खुर्ची उत्तम. कडा कुठे टोचत नाहीत, पाणी साचत नाही. या खुर्चीमुळे ते पुन्हा एकटे अंघोळ करू लागले. पण खाली साबणाचं पाणी असताना एकाच हातावर जोर देऊन उठलं, तर खुर्ची बाजूला सरकते. मी स्वतः बसून पाहिलं, दर वेळी सरकली. खडबडीत फरशीवर काय होतं, ते मला माहीत नाही. पायांची बुचं बदलेपर्यंत खाली रबरी मॅट घाला आणि दोन्ही हातांवर जोर देऊन उठा. तीन स्टार."

पानावर टाकण्याआधी तिनं मामाला फोन लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.  मग मामा म्हणाला, की निदान तो 'सरकते' शब्द काढ. त्याजागी 'थोडी काळजी घ्यावी' असं घाल.

"थोडी म्हणजे किती?" ताईनं विचारलं. "ज्याच्या वडिलांना बसायचंय, त्यानं काय ही 'थोडी' हातात धरून उभं राहायचं?"

"परक्यानं लिहिलं असतं तर मला इतकं वाटलं नसतं, ताई."

"परक्यानं तुला आधी फोन करून सांगितलं असतं का?"

मामानं फोन ठेवला. ताईनं डोळे पुसले आणि अभिप्राय पानावर टाकला.

खरं सांगते, माझ्याही नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्या जगानं पाच द्यावे आणि जिच्या घरात मी रोज भिजते तिनं तीन? वर सगळ्यांना सांगावं, की हिचे पाय घसरतात? मी कितीतरी दिवस गाल फुगवून होते. खुर्चीचे फुगलेले गाल कुणाला दिसत नाहीत, ते सोडा.

मामानं त्या घरी येणं बंद केलं. माझी विक्रीही बसली. आधी मामाला वाटलं, हे सगळं ताईमुळे. मग त्यानं पान उघडून नीट वाचलं. काकूंच्या चादरीखाली एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, ही खुर्ची गार पाण्यात धुवायची की कोमट? दुसऱ्यानं लिहिलं होतं, सगळे घरचेच दिसताहेत, पाहुण्यांनाही आवडली म्हणे. पाच स्टारच्या सगळ्या अभिप्रायांखाली नुसती थट्टा चालली होती. लोक गंभीरपणे काही विचारत होते ते एकाच ठिकाणी, ताईच्या अभिप्रायाखाली. आमची फरशी खडबडीत आहे, चालेल का? माझी उंची कमी आहे, पाय टेकतील का? आणि ताई एकेकाला उत्तर देत होती. जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणून.

मग एका सुट्टीच्या दिवशी मामा दारात उभा राहिला. कुणाशी काही न बोलता बूट काढून थेट न्हाणीघरात आला. नळ सोडला, साबणाचं पाणी केलं, मॅट गुंडाळून बाजूला ठेवली आणि शर्ट-पँटसकट माझ्यावर बसला. एका हातावर जोर देऊन उठला. मी सरकले, आणि मामा भिंतीवर आपटता आपटता राहिला. त्यानं पुन्हा करून पाहिलं. आपल्या हातानं घासलेल्या माझ्या कडांकडे बघत तो जरा वेळ बसून राहिला. मला त्याची फार माया आली. मग निथळत बाहेर आला. सगळं घर जेवणाच्या टेबलाभोवती उभं होतं.

"सरकते," मामा म्हणाला. "टॉवेल दे."

ताईनं टॉवेल दिला आणि त्याचं डोकं स्वतःच खसाखसा पुसलं, लहानपणी पुसत असेल तसं. नाना आतल्या खोलीतून ओरडले, की माझ्या खुर्चीवर कपडे घालून कोण बसलं होतं? तेव्हा कुठे सगळे हसले.

मामानं नवी बुचं घडवून घेतली, रुंद, तळाला खोल खाचा असलेली. ती घालून मला गुळगुळीत फरशीवर, खडबडीत फरशीवर आणि तेल सांडलेल्या फरशीवर उभं केलं आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः बसून पाहिलं. ज्यांनी ज्यांनी आधी खुर्ची घेतली होती, त्यांना घरपोच बुचं पाठवली. नातेवाईकांना फोन करून सगळे खोटे पाच स्टार काढायला लावले. काकू रुसल्या. म्हणाल्या, इतकं छान लिहिलं होतं मी.

ताईनंही आपल्या अभिप्रायात भर घातली. नवी बुचं घातल्यावर खुर्ची सरकत नाही, असं लिहिलं आणि चार स्टार केले. पाचवा का नाही, तेही लिहिलं: खुर्चीचे हात एकमेकांच्या थोडे जवळ आहेत, जाड माणसाला अडचण होईल. पण जुना मजकूर तिनं पुसला नाही. मामानं विचारलं, तर म्हणाली, जुन्या बुचांची खुर्ची अजून कुणाच्या तरी घरी असेल, त्याला कळायला हवं. मामानं मान डोलावली. आणि मी? माझा राग केव्हाच गेला होता. चादरीचे पाच स्टार घेऊन मिरवण्यापेक्षा आपले स्वतःचे तीन बरे, हे मला तोवर उमगलं होतं. नानांच्या बेसूर गाण्याला पुन्हा सुरुवात झाली होती. ती अनेक वर्षं चालली.

मग नाना गेले. घरात कुणाला माझी गरज उरली नाही. मला गॅलरीत नेऊन ठेवलं. माझ्यावर रद्दी आली, फुटकी बादली आली, धूळ आली. पावसाचं पाणी भोकांतून निथळून जायचं, तेवढीच अंघोळ. मामाचा कारखाना आता खरोखरचा कारखाना झाला होता आणि तिथे माझ्या धाकट्या बहिणी रुंद हातांच्या बनत होत्या. वाईट वाटायचं, नाही कशाला म्हणू? पण अभिमानही वाटायचा. त्यांचे पाय घसरत नाहीत ते माझ्यामुळे.

आणि एक दिवस ताई तरातरा गॅलरीत आली. रद्दी खाली, बादली खाली. मला नळाखाली धरून घासून काढलं आणि थेट न्हाणीघरात ठेवलं. तिच्या त्या जुन्या अभिप्रायाखाली एका अनोळखी बाईचा प्रश्न आला होता. तिच्या आईचा डावा हात आजारपणानंतर चालत नव्हता. आईला एकटीनं अंघोळ करायची होती, आणि मुलीला तिला आत एकटी सोडायची भीती वाटत होती. तुम्ही लिहिलंय दोन्ही हातांवर जोर द्या, असं तिनं विचारलं होतं, पण ज्याला एकच हात आहे त्यानं काय करावं?

ताईला उत्तर माहीत नव्हतं. तिनं आपला डावा हात पंच्यानं अंगाशी घट्ट बांधून घेतला, फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि माझ्यावर बसली. नवरा पुढे आला, तर त्याला म्हणाली, धरू नकोस, त्या आईला कुणी धरणार नाहीये. मी, मित्रांनो, त्या क्षणी माझे चारही पाय फरशीत रोवून धरले. ताई एका हातावर उठली. मी हलले नाही. पण ती स्वतः डावीकडे झुकली. मग तिनं मला सरकवून माझी डावी बाजू भिंतीला टेकवली, आणि पुन्हा बसून उठली. आता तोल गेला तरी खांदा भिंतीला टेकत होता. साबण, मग, टॉवेल, सगळं तिनं उजवीकडे ठेवून पाहिलं. तासाभरानं हात सोडून तिनं उत्तर लिहिलं: काय जमलं, काय जमलं नाही, भिंत कुठे हवी, आणि पहिल्या दिवशी दाराबाहेर थांबा.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. ताईनं ते नवऱ्याला वाचून दाखवलं.

"मी बाहेर थांबले होते. आईनं खूप वेळ घेतला. बाहेर आली तर केस ओले. आजारपणानंतर पहिल्यांदाच तिनं स्वतःचे केस स्वतः धुतले. विंचरायला मात्र मला दिले, म्हणाली, तेवढं तुझं काम."

मित्रांनो, त्या आईचं नाव मला ठाऊक नाही आणि तिनं मला कधी पाहिलेलं नाही. ती बसली माझ्या धाकट्या बहिणीवर, पण बसायचं कसं, ते तिला माझ्यावरून कळलं. आता तुम्हीही मोठे होत आहात, उद्या वस्तू घ्याल आणि त्यांच्याबद्दल चार ओळी लिहाल. कुरिअरवाला उशिरा आला म्हणून माझ्यासारखीला एक स्टार देऊ नका आणि मामा आपला आहे म्हणून पाचही देऊ नका. आधी वापरा. कुणी वापरली, कुठे वापरली, काय झालं, ते सांगा. माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणा. आणि लिहून झालं की त्या वस्तूची काळजी घ्या, तिला धुवा, पुसा. ती गॅलरीत पडली असली, तरी कुठेतरी कुणी आपल्या आईला आत पाठवायच्या आधी तुमच्या त्या चार ओळी वाचत उभं असेल.